अंडरवेअरचं इलॅस्टिक लवकर का जातं? धुताना आणि वाळवताना नेमकं काय चुकतं?

मराठी घरात मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की एक नियम लागू होतो: अंघोळ करताना आपली चड्डी आपणच धुवायची. बाकीचे कपडे मशीनमध्ये जातात किंवा धुणं करायला येणाऱ्या मावशींकडे जातात, हा एक कपडा मात्र ज्याचा त्याने धुवायचा. नियम चांगलाच आहे. अडचण एवढीच की धुवायची कशी, हे कुणी शिकवत नाही.

मग मुलगा आपल्या पद्धतीने शिकतो. अंगाचा साबण दोन वेळा फिरवायचा, बादलीत उरलेल्या गरम पाण्यात बुचकळायची, जोर लावून पिळायची आणि नळावर किंवा दारामागच्या खुंटीवर टाकून द्यायची. हीच पद्धत पुढे होस्टेलवर जाते, नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत जाते आणि लग्नानंतरही बदलत नाही. यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर कपड्याचं थोडं नुकसान होतं आणि शेवटच्या टप्प्यावर कातडीचंही होऊ शकतं.

चांगल्या कंपनीची एक अंडरवेअर आज साधारण दोन-तीनशे रुपयांना पडते. ती वर्षाच्या आत लुळी पडली की दोष कंपनीला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण अनेकदा कापड शाबूत असतं आणि फक्त कमरेचा पट्टा गेलेला असतो. म्हणजे अंडरवेअर झिजून नाही, ताण हरवून बाद होते. ती टिकवायची असेल तर आधी या ताणाचं काय होतं ते समजून घ्यायला हवं.

नाडा होता तेव्हा सगळं चालायचं

आजोबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत ताणण्यासारखं काहीच नसायचं. सरळ विणीचं सुती कापड आणि नेफ्यातून ओवलेला नाडा. दादा कोंडकेंनी लोंबत्या नाड्यासकट मराठी पडद्यावर अजरामर केलेली चड्डी तीच. हे कापड धुण्याच्या सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, धोपाटण्याने बडवलं आणि दिवसभर उन्हात टाकलं तरी तक्रार करत नसे. कापसाचा धागा ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो, त्यामुळे ही मारझोड तो सहन करायचा. नाडा तुटला तर नवा ओवायचा.

अमेरिकेत १९३५ मध्ये शिकागोच्या एका मोठ्या दुकानात ‘जॉकी’ नावाने आजच्यासारखी अंगाबरोबर बसणारी ब्रीफ विक्रीला आली आणि पुरुषांच्या अंतर्वस्त्राचा आकार बदलला. पुढे १९५८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा धागा शोधला. यालाच इलास्टेन म्हणतात. ‘लायक्रा’ हे त्याचं गाजलेलं ब्रँडनाव. आज अंडरवेअरच्या लेबलवर ‘९५ टक्के कॉटन, ५ टक्के इलास्टेन’ असं दिसतं, ते हेच.

या पाच टक्क्यांवर अंडरवेअरचं सगळं आयुष्य टांगलेलं असतं. इलास्टेनचा धागा स्वतःच्या लांबीच्या पाचपट ताणला तरी पुन्हा जागेवर येतो. त्याच्या रेणूमध्ये मऊ आणि कडक असे भाग आलटून पालटून असतात. मऊ भाग गुंडाळलेले असतात आणि ताण दिला की उलगडतात, कडक भाग एकमेकांना धरून ठेवतात म्हणून धागा परत आखडतो. जास्त उष्णता, क्लोरीन आणि कडक ऊन हे बंध हळूहळू तोडतात. एकदा तुटलेले बंध कोणत्याही साबणाने किंवा घरगुती उपायाने जुळत नाहीत. कमरेच्या पट्ट्यात काही वेळा इलास्टेनऐवजी रबराचा धागा असतो. त्याला ऊन, उष्णता आणि तेल तिन्हीही चालत नाहीत. तेलाच्या मालिशनंतर लगेच घातलेल्या चड्डीचा पट्टा चिकट आणि ठिसूळ होतो तो त्यामुळेच.

कपडा बदलला, पण तो धुण्याची रीत आजोबांच्या चड्डीचीच राहिली. गोंधळाचं मूळ इथे आहे.

पाणी किती गरम हवं?

अंघोळीचं कोमट पाणी, म्हणजे हाताला सहज सोसणारं, साधारण ३० ते ४० अंशांचं, अंडरवेअरला चालतं. गिझरचं थेट पाणी यापेक्षा बरंच गरम असू शकतं आणि रोज त्यात बुचकळलं तर त्याचा परिणाम पट्ट्यावर साचत जातो. रोजच्या धुण्याला साधं नळाचं पाणीही पुरतं. फक्त थंडीत किंवा कपडा फार घामेजला असेल तर कोमट पाण्यात साबण नीट विरघळतो आणि तेलकटपणा लवकर निघतो.

डाग असेल तर गरम पाणी टाळायलाच हवं. रक्त, वीर्य किंवा इतर शारीरिक स्रावांत प्रथिनं असतात. उकडलेल्या अंड्याचा बलक जसा पुन्हा पातळ होत नाही, तशी ही प्रथिनं गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतात. असा डाग आधी गार पाण्यात विसळून, थोडा वेळ भिजवून मग साबण लावावा. एन्झाइम असलेली डिटर्जंट पावडर इथे उपयोगी पडते, कारण त्यातलं प्रोटिएज हे प्रथिनांचे तुकडे करतं. त्याला काम करायला अर्धा तास लागतो, म्हणून आधी भिजत घालायचं आणि मग चोळायचं. लोक घाईत नेमकं उलटं करतात.

अंगाच्या साबणाने धुतली तर काय बिघडतं?

फार नाही, पण हळूहळू बिघडतं. विशेषतः पाणी जड असेल तर.

अंगाचा साबण म्हणजे मूलतः तेलातल्या आम्लांचा सोडियम क्षार. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. त्याच्याशी साबणाचा संयोग झाला की पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि बाथरूमच्या टाइल्सवर बसतो तोच. कपड्यातही तो बसतो. काही आठवड्यांत पांढरी अंडरवेअर करडी दिसू लागते, कापड कडक होतं, घाम नीट शोषत नाही आणि धुतल्यावरही तिला वास येतो. ज्या गावात बोअरचंच पाणी येतं किंवा ज्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर लागतो, तिथल्या लोकांनी आपल्या बनियनचा रंग आठवून पाहावा.

डिटर्जंट अशा पाण्यातही बऱ्यापैकी काम करतं. त्यामुळे बाथरूममध्ये अंगाच्या साबणाशेजारी डिटर्जंटच्या वडीचा तुकडा किंवा लिक्विडची लहान बाटली ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो. एका अंडरवेअरला लिक्विडचं अर्धं झाकणही जास्त होतं. वडी कपड्यावर जोरात घासण्यापेक्षा हातावर फेस करून तो कापडाला लावणं बरं. ब्रश मात्र नको. अंडरवेअरचं कापड स्वेटरसारखं एकात एक अडकलेल्या टाक्यांचं असतं, म्हणून तर ते ताणलं जातं. ब्रशने एखादा टाका तुटला की शेजारचे टाके सुटत जातात आणि टाचणीएवढं भोक महिन्याभरात बोटाएवढं होतं. घासायचंच असेल तर कापडावर कापड, तेही जिथे गरज आहे तिथे: मांड्यांमधला पट्टा आणि कमरेची आतली बाजू. म्हणून धुताना अंडरवेअर उलटी करायची. घाम आणि मृत त्वचा आतल्या बाजूला असते, बाहेरच्या बाजूला फक्त पँट घासलेली असते.

त्यानंतर खळबळणं. इथे सगळ्यात जास्त चुकारपणा होतो, कारण अंघोळ संपलेली असते आणि लोकल किंवा बस गाठायची असते. कापडात राहिलेला साबण दिवसभर घामाने ओला होऊन जांघेत घासला जातो. त्याने खाज सुटू शकते आणि ती बुरशीची समजून लोक मलम लावत बसतात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन वेळा नव्या पाण्यातून काढलं तर हा धोका उरत नाही.

ब्लीच, कम्फर्ट आणि जंतुनाशक

पांढऱ्या कपड्यांसाठी बाटलीतून मिळणारं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. निव्वळ सुती कापडाला ते पातळ करून कधीमधी चालतं. इलास्टेनला चालत नाही, त्याने धागा पिवळा पडतो आणि कमजोर होतो. पांढरेपणा हवाच असेल तर ऑक्सिजनवर चालणारी, सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर त्यातल्या त्यात सौम्य. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

फॅब्रिक सॉफ्टनर, ज्याला बहुतेक घरांत एका ब्रँडवरून सरसकट ‘कम्फर्ट’ म्हणतात, धाग्यांवर एक पातळ थर चढवतं. कापड मऊ लागतं आणि वासही छान येतो, पण घाम शोषण्याची ताकद घटते. ज्या कपड्याचं मुख्य कामच घाम शोषणं आहे, त्याला हे कशाला लावायचं?

जंतुनाशक द्रवाची रोज गरज नाही. नीट धुतलेला आणि पूर्ण वाळलेला कपडा पुरेसा स्वच्छ असतो. झाकण न मोजता ओतलेलं जंतुनाशक नीट निघालं नाही तर जांघेच्या नाजूक त्वचेची आग होते.

पिळायची किती?

दोन्ही हातांत धरून दोरखंडासारखा पीळ देण्याची सवय इलॅस्टिकला सर्वात महाग पडते. ओला आणि गरम पट्टा ताणलेल्या अवस्थेत वळवला की आतले धागे काही तुटतात, काही जागा सोडतात. पट्ट्याला लाटांसारख्या चुण्या पडलेल्या दिसतात ते याचंच लक्षण.

त्याऐवजी अंडरवेअर दोन्ही तळहातांत गोळा करून दाबावी. मग एका कोरड्या टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट गुंडाळी करून दाबावी किंवा सरळ त्यावर पाय द्यावा. बरंचसं पाणी टॉवेल ओढून घेतो आणि वाळायचा वेळ कमी होतो. रोज सकाळी एवढं करायला कुणाला वेळ आहे, हा प्रश्न रास्त आहे. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी ही दोन मिनिटं वसूल होतात.

मशीनचं स्पिन हाताच्या पिळण्यापेक्षा बरं. त्यात कापड ड्रमच्या भिंतीला चिकटतं, पीळ बसत नाही. मशीनमध्ये खरा त्रास देतात ते जीन्सची चेन, बटणं आणि हुक. अंडरवेअर जाळीच्या पिशवीत घालावी, नाहीतर निदान जीन्सची चेन लावून ती उलटी करून टाकावी. ‘डेलिकेट’ किंवा ‘हँडवॉश’ प्रोग्राम, ३० ते ४० अंश पाणी, आणि ड्रम गच्च न भरता. मधोमध फिरता खांब असलेल्या टॉप लोड मशीनपेक्षा फ्रंट लोडमध्ये कापडाची घासाघीस कमी होते.

लेबल कात्रीने कापून टाकण्याआधी एकदा वाचायला हरकत नाही. पाण्याच्या टबात लिहिलेला आकडा म्हणजे पाण्याचं कमाल तापमान, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नका, इस्त्रीतला एक ठिपका म्हणजे अगदी कमी तापमान. मॉडाल किंवा ‘बांबू’ कापडाची अंडरवेअर असेल तर जास्तच जपावं लागतं. बाजारात बांबू म्हणून मिळणारं बहुतेक कापड व्हिस्कोस असतं. कापसाच्या उलट, हे धागे ओले असताना कमजोर होतात. म्हणजे सुती चड्डीला सोसणारी घासाघीस यांना सोसत नाही.

वाळवणं: खरी परीक्षा पावसाळ्यात

बाथरूममधली खुंटी, नळ आणि दाराची कडी या घरातल्या सर्वात ओल्या जागा आहेत. घरातली चार माणसं तिथे एकामागून एक गरम पाण्याने अंघोळ करतात, हवेत आधीच वाफ असते, खिडकी वीतभर. अशा ठिकाणी सकाळी टाकलेली अंडरवेअर संध्याकाळी हाताला कोरडी वाटली तरी पट्ट्याची शिवण आणि मांड्यांमधला दुहेरी थर ओलसरच असतो. कुबट वास तिथेच धरतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या या वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं होतं. धुण्यातून वाचलेले जिवाणू ओल मिळाली की पुन्हा वाढतात. त्यामुळे कपडा किती वेळा धुतला याइतकंच तो किती लवकर वाळला याला महत्त्व आहे.

उन्हाचं गणित थोडं नाजूक आहे. कडक ऊन कापड लवकर वाळवतं आणि जंतू कमी करतं. तेच ऊन रंग उडवतं आणि इलॅस्टिक ठिसूळ करतं. यावर तोडगा असा: उलटी करून उन्हात टाकायची आणि वाळली की काढायची. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात हे काम तासाभरात होतं. सकाळी आठला दोरीवर टाकलेली चड्डी संध्याकाळी सहाला काढणं, म्हणजे वाळल्यानंतरचे आठ-नऊ तास ती फुकट भाजत ठेवणं. दिवसभर घरी कुणी नसेल तर गॅलरीतली सावली आणि वारा असलेली जागा निवडावी.

चिमटा कुठे लावायचा? पट्ट्याला लावला तर ओल्या कापडाचं सगळं वजन इलॅस्टिकवर लोंबतं. दोरीवर मधोमध घडी घालून टाकावी, किंवा चिमटा खालच्या बाजूला, पायांच्या शिवणीजवळ लावावा. वाळत घालण्याआधी एकदा झटकली तर सुरकुत्या मोडतात आणि थर मोकळे होतात.

काही घरांत अंतर्वस्त्रं लोकांना दिसू नयेत म्हणून टॉवेल किंवा लुंगीच्या खाली वाळत घालतात. बायकांच्या कपड्यांबाबत हा दंडक जास्त कडक, पण पुरुषांचेही कपडे त्यातून सुटत नाहीत. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना तर अनेकदा गॅलरी वापरायची परवानगीच नसते. टॉवेलखालच्या कपड्याला ना ऊन लागतं ना वारा, आणि वरच्या टॉवेलची ओल उलट त्यालाच मिळते. लाज वाटतच असेल तर दोरीवर बाहेरच्या रांगेत शर्ट आणि आतल्या रांगेत अंडरवेअर, मध्ये हातभर अंतर, एवढं पुरे.

आता पाऊस. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की कपड्यातलं पाणी हवेत जायला जागाच नसते. अशा वेळी तापमानापेक्षा वारा जास्त कामाचा. कपड्याभोवती साचलेली दमट हवा पंख्याने हलत राहिली की बाष्पीभवन चालू राहतं. म्हणून पंख्याखाली फोल्डिंग स्टँड, आणि दोन कपड्यांत चार बोटं मोकळी जागा. एसी असलेल्या खोलीत आणखी लवकर वाळतं, कारण एसी हवेतलं बाष्प काढून घेतो. खोलीच्या खिडक्या सतत बंद मात्र नकोत, नाहीतर कपड्यातलं पाणी भिंतीत मुरतं.

शेवटची ओल घालवायला इस्त्री हा पावसाळ्यातला जुना आणि खात्रीचा उपाय. सुती भागावर, उलट्या बाजूने, मध्यम तापमानाची इस्त्री फिरवावी आणि पट्टा सोडून द्यावा. पट्टा पंख्यावर वाळू द्यायचा. गॅसच्या शेगडीवर धरणं, तव्यावर टाकणं किंवा हीटरवर पसरणं यात इलॅस्टिक तर जातंच, आगही लागू शकते. होस्टेलमध्ये हे प्रकार सर्रास चालतात आणि कौतुकाने सांगितले जातात.

परदेशात शिकायला गेलेल्यांची अडचण वेगळी. अमेरिकेत बऱ्याच इमारतींत बाहेर कपडे वाळत घालता येत नाहीत आणि गरम हवेचा ड्रायर हाच रोजचा मार्ग. त्यात कमी उष्णतेचा पर्याय निवडावा किंवा अंडरवेअर अर्धवट वाळल्यावर बाहेर काढून खोलीत टांगावी. ड्रायरच्या जाळीत जमणारा कापसासारखा थर म्हणजे आपलेच कपडे असतात, कणाकणाने झिजलेले.

खाज सुटली असेल तर हे नियम बदलतात

जांघेत गोल, कडेने लालसर, खाजणारे चट्टे उठले तर तो बहुतेकदा नायटा किंवा गजकर्ण असतो. हा बुरशीचा संसर्ग. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनवर जगते आणि ओल, ऊब, घर्षण यांवर फोफावते. ओलसर अंडरवेअर तिला हे तिन्ही एका जागी पुरवते. रिक्षा-टॅक्सी चालवणारे, सुरक्षा रक्षक, बंदोबस्तावरचे पोलीस, दिवसभर बाइकवर असणारे डिलिव्हरीवाले यांना त्रास जास्त होतो, कारण बारा-बारा तास कपडा बदलता येत नाही.

गेल्या काही वर्षांत भारतात हा आजार हट्टी झाला आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांत सापडलेल्या एका बुरशीचं ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नामकरण केलं. तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्यात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं परिस्थिती बिघडवतात. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि त्वचा पातळ होते. चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणं आणि सांगितलेला पूर्ण कोर्स घेणं, याला पर्याय नाही.

उपचार चालू असताना धुण्याचे नियम उलटे होतात. त्वचेच्या सुटलेल्या बारीक पापुद्र्यांबरोबर बुरशी कापडात उतरते आणि ३० अंशांच्या धुण्यात ती सहज तग धरते. ६० अंशांचं पाणी तिला मारतं. म्हणजे जे तापमान इलॅस्टिकला नको तेच त्वचेला हवं. अशा वेळी इलॅस्टिकचा विचार सोडून द्यावा. उपचाराच्या काळासाठी साध्या, स्वस्त, सैलसर सुती चड्ड्या वेगळ्या घ्याव्यात, मशीनचा ६० अंशांचा ‘कॉटन’ प्रोग्राम लावावा किंवा वेगळ्या बादलीत गरम पाण्यात डिटर्जंटसह भिजवाव्यात, उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि इस्त्री करूनच घालाव्यात. कुटुंबातल्या इतरांच्या कपड्यांत त्या भिजत घालू नयेत. टॉवेलही वेगळा. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या असतील तर चड्डीआधी मोजे घालावेत. चड्डी चढवताना ती पायांवरून वर येते आणि पायाची बुरशी जांघेपर्यंत पोहोचवते.

किती जोड असावेत आणि टाकायच्या कधी?

तीन अंडरवेअर आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येक वर्षातून सुमारे १२२ वेळा धुतली जाते. आठ असतील तर सुमारे ४६ वेळा. एकदम आठ घेणं जड वाटतं, पण पैसे जास्त जात नाहीत, फक्त आधी जातात. महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात एखादी वाळायला दोन दिवस लागले तरी ओली घालायची वेळ येत नाही. तीनच जोड असलेला मुलगा जुलैमध्ये दर दोन-चार दिवसांनी दमट चड्डी घालतोच, त्याने कितीही नीट धुतली तरी. ज्याला दिवसातून दोनदा अंघोळ आणि दोनदा कपडा बदलावा लागतो, त्याला आणखी दोन-चार जास्त लागतील.

‘दर सहा महिन्यांनी बदला’ असले सरसकट सल्ले मनावर घ्यायची गरज नाही. कपडा स्वतः सांगतो. पट्टा बोटाने ताणून सोडल्यावर सावकाश मागे येत असेल, मांड्यांमधल्या कापडातून उजेड दिसत असेल, किंवा धुऊन वाळवलेली अंडरवेअर घातल्यावर अंगाच्या उबेने तासाभरात वास येत असेल, तर तिचे दिवस भरले. पट्टा गेलेली ब्रीफ दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, कारण तोवर कापडातलं इलास्टेनही संपलेलं असतं. सरळ विणीच्या सुती बॉक्सरचं तसं नाही. त्याच्या नेफ्याची शिवण उसवून गल्लीतला शिंपी थोडक्या पैशांत नवं इलॅस्टिक घालून देतो. हवं असेल तर नाडाही.